सहा आकड्यांचा विठ्ठल

गेल्या आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी होती. रात्रीच्या कीर्तनात एका तरुण महाराजांनी दृष्टान्त दिला : देह म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर; हार्डवेअर जळतं, सॉफ्टवेअर अमर. मंडपात टाळ्या पडल्या. बारामतीहून चालून आलेली, पायांना तेल चोळत बसलेली माणसंही हसली. मी मागच्या खांबाला टेकून होतो. मला काही टाळी वाजवता आली नाही. माझ्या माळ्यावर तेव्हा बरोब्बर उलटी अवस्था होती. हार्डवेअर धडधाकट आणि सॉफ्टवेअर अर्धमेलं.

मी संस्कृत-मराठीचा मास्तर. एकतीस वर्षं हायस्कुलात शिकवलं. १९९४ साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घरी संगणक घेतला तेव्हा गावात लोक बघायला येत. प्रश्नपत्रिका घरी टाइप करायच्या, हे लोकांना सांगायचं कारण. मनातलं कारण तात्यांची वही. तात्या म्हणजे माझे चुलते, आमच्या दिंडीचे विणेकरी. त्यांच्या वहीत नुसते अभंग नव्हते, ते तर कुठल्याही छापील गाथेत मिळतात. वहीत क्रम होता : पहाटे काय म्हणायचं, काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण सुरू झालं की काय, परटांनी धोतराच्या पायघड्या घातल्या की काय, बेलवाडीच्या गोल रिंगणाच्या आधी काय. आणि समासात चाली. ‘माळावरची चाल’, ‘मास्तरांची जुनी’, ‘इथे टाळ थांबवणे, नुसता मृदंग’. असं सगळं शाईच्या पेन्सिलीनं.

आमच्या घरचे, म्हणजे सौभाग्यवती, वही समोर धरून एकेक ओळ वाचायच्या आणि मी एका बोटानं टाइप करायचो. अडलं की ओसरीवर जाऊन तात्यांना विचारून यायच्या. चार महिने लागले.

त्या संगणकात एक कार्ड होतं, जिस्ट नावाचं. आजच्या पोरांना त्याचं महत्त्व कळायचं नाही. तेव्हा डॉसच्या काळ्या पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरं उमटत. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर काम केलं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे वाढलं. युक्ती अशी की, संगणकाला मराठी शिकवायचीच नाही. त्याच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवायचं. संगणक आपला आकडे हलवत राहील, पडद्यावर जाताना त्या आकड्यांची देवनागरी कार्ड करील. वह्याच काय, बँकांच्या याद्या आणि सरकारी कचेऱ्यांतली कामंही या कार्डावर चालली.

पुढे विंडोज आलं, फॉन्ट आले, कार्ड मागे पडलं. १९९८ साली तात्या गेले. त्यांची वही देवघराच्या फडताळात होती. कालव्याच्या पट्ट्यातल्या आमच्या मातीच्या भिंतीत वाळवी फार. एका पावसाळ्यात फडताळ उघडलं तर पुठ्ठा शाबूत आणि आत भुसा. मी म्हटलं, चिंता नाही, संगणकात आहे. संगणक माळ्यावर चढवून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

कीर्तनानंतर दिवाळीत तो खाली काढला. मदरबोर्डावरची बॅटरी पाझरून हिरवा चुरा झाला होता, तांब्याच्या रेघा खाल्ल्या होत्या. बोर्ड संपला होता. कार्ड मात्र बाजूच्या खाचेत जसंच्या तसं. ब्रशनं धूळ झाडली, पितळी दात खोडरबरानं घासले, लखलखले.

नातू बारामतीला डिप्लोमाला आहे. म्हणाला, “आबा, ही खाचच आता मिळत नाही.” खाचेचं नाव आयएसए. १९८१च्या आयबीएम पीसीपासून आलेली, आणि २०००च्या सुमाराला बोर्डांवरून निघून गेलेली. शेवटी पुण्यात तपकीर गल्लीत त्यानं एक पेंटियम थ्रीचा बोर्ड शोधला. चार पांढऱ्या नव्या खाचा, पीसीआयच्या, आणि कडेला एकच लांब काळी, जुनी. त्यावर त्यानं डेबियन १२ टाकलं. डेबियन म्हणजे लिनक्सचा एक मुक्त संच, जगभरची माणसं मिळून चालवतात. कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा. मला दिंडीची आठवण झाली, ती मी त्याला सांगितली नाही. मास्तर प्रत्येक गोष्टीला उपमा देतात असं घरात आधीच म्हणतात.

यंत्र सुरू झालं. नातवानं एलएसपीसीआय ही आज्ञा दिली. पडद्यावर एकेक कार्ड स्वतःची ओळख सांगत आलं, बनवणाऱ्याचा क्रमांक अमुक, नगाचा क्रमांक तमुक. माझ्या कार्डाचं नाव नाही.

“त्याला विचार ना,” मी म्हटलं.

“विचारता येत नाही, आबा. पीसीआयची कार्डं हाक मारली की ओ देतात. हे त्याच्या आधीचं. कुठल्या पत्त्यावर बसलंय ते आपल्यालाच माहीत असावं लागतं. अंदाजानं ठोकत बसलो आणि तिथे दुसरंच कुणी असलं तर मशीन गोठतं.”

मी खुर्ची ओढून बसलो. एकतीस वर्षं मी मुलांना प्रमाणं सांगत आलो. डोळ्यांना दिसतं ते प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी ओळखतो ते अनुमान, गवा कसा तर गायीसारखा हे उपमान, आणि चौथं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. वर्गात चौथ्याला पोरं हसायची. कुणीतरी सांगतं म्हणून मानायचं? मीही मनातून त्यांच्याच बाजूचा. आणि इथे माझ्यासमोर एक हिरवी पाटी, जी हाताला लागते, डोळ्यांना दिसते, पण ती कोण आणि कुठे राहते हे प्रत्यक्षानं कळायला मार्ग नाही, अनुमानानं गेलं तर यंत्र गोठतं. उरलं आप्तवाक्य.

ते सापडलं. जुन्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, ज्या पोरानं १९९४ मध्ये पुण्याहून येऊन कार्ड बसवलं त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : पत्ता, कुठला जंपर कुठे, आणि खाली ‘हलवू नये’. त्याचं नाव मला आठवत नाही. बसची वेळ झाली म्हणून चहाही न घेता गेला होता. तीस वर्षांनी मी त्याच्या तीन ओळींवर श्रद्धा ठेवली.

पण पत्ता कळून लिनक्सवर उपयोग झाला नाही. या कार्डाशी बोलणारं त्यात काही नव्हतंच. कार्डाची सगळी हुशारी डॉसच्या पडद्यापुरती, आणि लिनक्स स्वतःचा पडदा स्वतः रंगवतं. खाचेत वीज जात होती, एवढंच.

इथे महाराजांच्या दृष्टान्ताचं बघू. सॉफ्टवेअर अमर! लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये हेलसिंकीत, लिनस तोरवाल्ड्सच्या घरच्या ३८६ यंत्रावर. २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीनं त्याच ३८६चा हात सोडला. ज्या देहात जन्मलं त्या देहात आता त्याला राहता येत नाही. डेबियनचं तेच. नातवानं टाकलेली १२ ही माझ्या यंत्रासारख्या बत्तीस बिटांच्या यंत्रावर नव्यानं बसवता येणारी शेवटची. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ती सोय काढली. फुकट आहे, मुक्त आहे, तरी रोज कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि सांभाळणारा थकला की तेवढा भाग गळून पडतो. माझं कार्ड मात्र खोडरबरानं लखलखलं. आता यात जीर्ण वस्त्र कुणाला म्हणायचं?

मग वही ज्यांवर साठवली होती त्या फ्लॉप्या. सात होत्या. नातवानं डीडीरेस्क्यू नावाचं साधन लावलं. ते वाचता न येणारा तुकडा सोडून पुढे जातं आणि मग परत परत मागे येऊन त्याच तुकड्याला विनवतं. रात्रभर ड्राइव्ह कण्हत होता. सकाळी चार पूर्ण आल्या, दोन तुटक, एक गेली. वही चारांतच होती.

फाइल उघडली तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग. नातवानं ती आकड्यांत दाखवली. पहिल्याच ओळीत मी बोट ठेवलं : २१२, २१९, १९०, २३२, १९०, २०९. जुना तक्ता माझ्याकडे होता, इस्कीचा. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही आकड्यांची पद्धत, १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून मानक झाली. २१२ म्हणजे व. २१९ ऱ्हस्व वेलांटी. १९० ठ. २३२ पाय मोडायचा. पुन्हा १९०, ठ. २०९ ल.

विठ्ठल.

मी बराच वेळ ते सहा आकडे बघत होतो. मीमांसकांचं म्हणणं, शब्द आणि अर्थ यांचं नातं जन्मजात आहे, कुणी जोडलेलं नाही. नैयायिक म्हणतात, छे, तो संकेत आहे. या शब्दानं हे समजावं अशी कुणाची तरी इच्छा. ‘तर्कसंग्रहा’त ती इच्छा ईश्वराची म्हटली आहे. वारकरी घरात जन्मल्यामुळे मी मनानं मीमांसकांकडे झुकलेला. नाम हे नाम, ते कुणी ठरवलेलं कसं असेल? पण समोर २१२ होतं. २१२ म्हणजे व, ही ईश्वरेच्छा भारतीय मानक ब्युरोच्या एका समितीनं कागदावर उतरवली होती. तक्ता हरवला असता तर विठ्ठल हे सहा आकडे राहिले असते, फोन नंबरासारखे.

नातू म्हणाला, “आबा, कार्ड कशाला? युनिकोडवाल्यांनी देवनागरी इस्कीच्याच क्रमानं लावलीय. नुसती जागा बदलायची.” त्यानं यूकॉन्व्ह नावाची एक आज्ञा दिली. २१२चं २३५७ झालं, २१९चं त्याच्या पुढचं काही. अर्ध्या मिनिटात तात्यांची सगळी वही पडद्यावर मराठीत आली. सुबक, गोल अक्षरांत. दोन-तीन जोडाक्षरं फुटली होती, ती मी हातानं नीट केली. त्यानं ती माझ्या मोबाइलवर पाठवली, तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि तो बारामतीला निघून गेला.

काम संपलं होतं. आत्मा, महाराजांच्या भाषेत, सुटला होता आणि नव्या देहात गेलाही होता.

मी मात्र त्या कार्डापुढून उठलो नाही. उठता येईना. भवानीनगरच्या कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या गाड्या दारावरून जाऊ लागल्या, तरी मी रोज दुपारी त्या उघड्या डब्यापुढे. घरच्यांनी विचारलं, “आलं ना सगळं? मग आता काय शोधताय?” उत्तर नव्हतं.

याच दिवसांत तुकोबांचे तेरा दिवस माझ्या डोक्यात बसले. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेराव्या दिवशी वर आली ही कथा मी लहानपणापासून ऐकतोय. शिकवताना मी जरा शहाणपणानं सांगायचो : वह्या तरल्या की नाही ते सोडा, लोकांना अभंग पाठ होते, संताजी जगनाड्यांनी लिहून घेतले होते, गाथा पाण्यानं नव्हे, माणसांनी राखली. पोरांना पटायचं, मलाही. पण एक प्रश्न मला एवढ्या वर्षांत सुचला नव्हता. लोकांना पाठ होते तर तुकोबांना नव्हते का? त्यांचेच तर होते. मग ते नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस कशासाठी बसले? देहूच्या देवळात ती शिळा आजही आहे. देहाविषयी ज्यांना काडीची ओढ नव्हती, ते कागदासाठी धरणं धरून बसले. शब्द अविनाशी, वस्तू नाशिवंत, ही फोड त्यांना मान्य असती तर ते दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागले असते.

याला उत्तर देता येतं, ठाऊक आहे मला. भक्त देवाची परीक्षा बघत होता, मान्यतेचा प्रश्न होता, वगैरे. कीर्तनकार देतात. मला ती उत्तरं आता पुरत नाहीत. मला वाटतं त्यांना ती वही हवी होती, तीच. आणि दरवर्षी आपण पंढरीला नेतो काय? चांदीच्या पादुका. १६८५ पासून, नारायण महाराजांनी पालखी सुरू केल्यापासून. विचार न्यायचा असता तर विचाराला पालखी लागत नाही. वारकरी पंथ तोंडानं देहाला तुच्छ म्हणतो आणि पायांच्या खुणा खांद्यावर घेतो. हा दुटप्पीपणा नाही. तोंडच कमी बोलतंय, खांद्याला जास्त कळलंय.

जानेवारीत नातवानं फोनवर सुचवलं, “फ्रीडॉस बघा.” मायक्रोसॉफ्ट डॉस सोडून देणार हे दिसल्यावर अमेरिकेत जिम हॉल या विद्यार्थ्यानं १९९४ मध्ये हाक दिली की, आपण आपला डॉस लिहू, मुक्त. लोक जमले. ते अजून लिहिताहेत. म्हणजे ज्या साली मी एका बोटानं ‘विठ्ठल’ टाइप करत होतो त्याच साली तिकडे कुणीतरी माझ्या पडद्याची सोय बघायला लागलं होतं.

फ्रीडॉस बसवलं. फाइल उघडली. आता प्रश्नचिन्हं नव्हती, आकडेही नव्हते. तक्त्यांच्या रेघा आल्या. डॉसमध्ये याच आकड्यांच्या जागी चौकटी आखायची चिन्हं असतात, हे मी विसरलो होतो. क म्हणजे एक उभी रेघ. द म्हणजे आडवी. विठ्ठल म्हणजे एक काटकोन, एक भरीव ठोकळा, दुसरा काटकोन, ग्रीक फाय, पुन्हा तोच काटकोन, शेवटी खुंटी. पान भरून मोडक्या चौकटी, जणू घर पडलंय आणि तुळया-खांब तेवढे उरलेत. तेच सहा आकडे.

मग जुन्या फ्लॉपीवरचा कार्डाचा प्रोग्राम चालवला. यंत्र गोठलं. दुसऱ्या दिवशी गोठलं. असे अकरा दिवस. जंपर काढून बघितले, ‘हलवू नये’ वाचून परत बसवले. शेवटी नातवाच्या लक्षात आलं की फ्रीडॉस सुरू होताना वरच्या मेमरीत जागा धरणारा एक प्रोग्राम येतो आणि बहुधा तो कार्डाच्याच घरात घुसतोय. सुरुवातीच्या यादीत त्याला न आणता चालू करायचा पर्याय आहे. तो निवडला. कार्डाचा प्रोग्राम चालवला. पडदा एकदा काळा झाला.

आणि चौकटी वितळून अक्षरं उभी राहिली. खडबडीत, कडा कातरलेल्या, वेलांट्या जरा अंगचटीला आलेल्या.

घरचे दळण घेऊन आल्या होत्या. दारातच थांबल्या. “हे आपलं जुनं अक्षर,” म्हणाल्या. मोबाइलवर तीच वही मी त्यांना महिनाभर आधी दाखवली होती, तेव्हा “बरं झालं” एवढंच म्हणाल्या होत्या. आता डबा खाली ठेवून बसल्या आणि पडदा वाचायला लागल्या. एका ओळीशी थबकल्या. समासातली ‘मास्तरांची जुनी’. “इथे मी तात्यांना विचारायला गेले होते. त्यांनी म्हणून दाखवली होती ओसरीवर.” आणि बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून अर्धं ध्रुपद गुणगुणल्या. पुढचं येईना.

कार्डामुळे आठवली असं मी म्हणणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. काकतालीय न्याय मुलांना मीच शिकवला. पण त्या दुपारी महिनाभराचं एक कोडं मला नीट मांडता आलं. फ्लॉपीवर ‘माळावरची चाल’ ही अक्षरं सुखरूप आहेत. आकडे बरोबर, तक्ता बरोबर, लिपी बरोबर. म्हणून दाखवणारा कुणी नसेल तर ती अक्षरं म्हणजे पुन्हा रेघांची चौकटच. अक्षर म्हणजे जे क्षर नाही, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आता लिहिणार नाही. अक्षर झिजतं. कागदावर वाळवीनं, फ्लॉपीवर बुरशीनं, आणि माणसांत सर्वांत वेगानं. नैयायिकांचा संकेत कुणाच्या तरी डोक्यात जिवंत लागतो. ते डोकं हाडामांसाचं असतं, आणि हाडंमांस हे, महाराज, हार्डवेअर आहे.

कार्ड चालू आहे. आठवड्यातून एकदा सुरू करतो, कुणाला दाखवायला नाही. वही छापायला दिली आहे. पालखी यायच्या आत पन्नास प्रती होतील. तात्यांनी समासात चौदा चाली नोंदल्या आहेत. आठ आमच्या दिंडीत अजून म्हणतात. ‘मास्तरांची जुनी’ अर्धी मिळाली. बाकी पाचांचा पत्ता नाही : माळावरची, दळणाची, उतरणीची, एकटाळी आणि जिच्यापुढे तात्यांनी फक्त ‘नेहमीची’ असं लिहिलं आहे ती. काटेवाडी, सणसर, बेलवाडी या टप्प्यात कुणाच्या घरी कुणा म्हाताऱ्याला यातली एखादी येत असेल, तर यंदा पालखीच्या मुक्कामाला मी सणसरच्या तळावर संध्याकाळपासून असेन. म्हणून दाखवा. मी टिपण करीन, आणि नातू आवाज भरून घेईल.